बेपत्ता इसमाचं वर्णन

"घोव हरावलो म्हणजे मेलो नाय, बाय. कपाळ इतक्यात कित्याक पुसलास?"

मुलुंडच्या चौकीतला गुणाजी हवालदार हे काही वाईट मनाने म्हणाला नव्हता. टोपी मांडीवर ठेवून तो बाकावर बसला होता, आणि मृणालिनीच्या कडेवरची शुभा त्याच्या खिशातल्या शिट्टीची दोरी ओढत होती. पण त्या वाक्यासरशी मृणालिनीला आपलं कपाळ जाणवलं; दात नुसता असतो, आणि एक दिवस त्याला सारखी जीभ लागायला लागते, तसं. नगरच्या मिशन कंपाउंडात ती वाढली, तिथे कपाळ नावाची वस्तूच नव्हती. आईचं, मावशांचं, शाळेतल्या बाईंचं, सगळ्यांचंच कोरं. आणि कोरं असं म्हणायचंही कुणाला सुचत नसे. मुलुंडला आल्यापासून मात्र त्याची सार्वजनिक भिंत झाली होती. येणाराजाणारा तिथे काही लिहिलंय का ते बघून पुढे जाई. शेजारच्या जानकीबाईंनी पहिल्याच आठवड्यात चाळभर सांगून टाकलं होतं की कोपऱ्यातल्या खोलीत एक कोवळी विधवा आलीय, आणि दीर का कोण तो सोबत राहतो, बरं नाही दिसत. दीर म्हणजे विद्याधर, तिचा नवरा. पुढे खुलासा झाला, ख्रिस्ती आहेत म्हणे, असं समजलं, आणि मग जानकीबाई तिला चैत्रातल्या हळदीकुंकवाला आवर्जून बोलवायला लागल्या. ऐन वेळी त्यांचं कुंकवाचं बोट हवेत थबकायचं आणि शेवटी ताटाच्या काठाला पुसलं जायचं. भरपाई म्हणून भिजवलेल्या हरभऱ्यांची मूठ मात्र मोठी. मृणालिनी ते हरभरे घेऊन घरी यायची आणि उसळ करायची. जानकीबाईंचा तिला राग नव्हता. राग यायला माणूस आपल्या बरोबरीचं वाटावं लागतं.

हवालदाराला तिने आधीच स्वच्छ सांगितलं होतं, की मी एक कादंबरी लिहिते आहे, तिच्यातला नवरा बेपत्ता होतो, आणि अशी बायको तुमच्याकडे आली तर तुम्ही काय काय विचारता तेवढं मला हवंय. हवालदाराने मान डोलावली. त्याच्या नोकरीत हरवलेला नवरा नेहमी शेजारणीचा असे, नाहीतर मैत्रिणीचा; ही शिकलेली दिसते, म्हणून हिचा गोष्टीतला. त्याने आवाज मुद्दाम खाली आणला, जाजमावर झोपलेल्या दुसऱ्या शिपायाला ऐकू जाऊ नये म्हणून. "समजा हां, नुसता समजा, त्या गोष्टीतल्या बाईचो घोव. कसो दिसता तो? वर्णन सांगा." तिने परत सांगून बघायला हवं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावरची ती समजूतदार कीव बघून तिला आतून हसू येत होतं, आणि खरं सांगायचं तर गंमतही वाटत होती, की आपण न केलेल्या नाटकाला पहिला प्रेक्षक मिळाला. तिने वर्णन द्यायला सुरुवात केली. तयारी काहीच नव्हती. कादंबरीतल्या नवऱ्याला तिने रुंद खांदे आणि खोल डोळे दिले होते, ती लिहवून घेणाऱ्या समितीला तसे लागतात म्हणून. ते तिला तोंडाने म्हणवेनात. मग जो हाताशी होता तोच माणूस तिने सांगितला. उंच आहे पण तेवढा दिसत नाही, कारण मान पुढे काढून चालतो. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, उन्हाळ्यातसुद्धा. बोलण्याआधी घसा खाकरतो, आणि खाकरून झाल्यावर पुष्कळदा बोलायचं राहून जातं. घास चावताना जबड्यात टक् असा आवाज होतो. पाठीमागून ऊन आलं की कान लाल दिसतात, कंदिलाच्या काचेसारखे. जिना चढताना गीताची शेवटची ओळ गुणगुणतो, फक्त शेवटची. पहिल्या तीन बहुधा ऑफिसात संपत असाव्यात. बुटांच्या टाचा शाबूत, चवडे झिजलेले. पायपेटी वाजवतो ना देवळात, भाते चवड्यांनी हाणायचे असतात.

हवालदार ऐकत राहिला. शुभाने शिट्टी तोंडात घातली होती ती त्याने काढूनही घेतली नाही. मग तो म्हणाला की इतकं कुणी सांगत नाही. बायका येतात, मध्यम बांधा म्हणतात आणि रडायला लागतात. नोंद आत्ता करत नाही, उगाच बोभाटा होईल, चार दिवस वाट बघा. पुरुषमाणूस, पोटाक भूक लागली की येतलो. तिला दाराशी पोचवायला आला तेव्हा त्याने पुन्हा तिच्या कपाळाकडे बघितलं, आणि येशील तेव्हा लावून ये, असं काहीतरी पुटपुटला.

चौकीतून घरी येताना ती मिठागरांच्या बाजूच्या रस्त्याने आली. हा रस्ता तिचा होता, म्हणजे कादंबरीचा. इथेच बांधावर नायिकेला नवऱ्याचा एक बूट सापडतो. महिन्यामागे ती शुभाला घेऊन मुद्दाम इथे येऊन बसली होती, मिठाच्या पाण्यात चामडं कसं होतं ते बघायला एक जुनी चप्पल घेऊन. आणि तिथल्या मुकादमाने, बाई, मुलीचा तरी विचार करा, जीव देऊ नका, असं सांगून तिला परत पाठवलं होतं. ह्या उपनगरात बाई घराबाहेर रिकामी उभी राहिली की ती एकतर मरायला आलेली असते नाहीतर कुणाची वाट बघत असते. तिसरं काही कुणाला सुचत नाही. आणि अशा लोकांना सुचावं म्हणून आपण गोष्टी लिहायच्या.

ही कादंबरी तिला मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, वाङ्मय समितीने लिहायला सांगितली होती. मंडळीतल्या मुली स्टेशनजवळच्या वाचनालयातून पिवळ्या रहस्यकथा आणून उशीखाली ठेवतात, अशी तक्रार आली. समितीच्या सभासदांनी त्या सगळ्या कथा मागवून घेतल्या, पावसाळाभर अगदी बारकाईने वाचल्या, आणि दिवाळीच्या सुमारास त्यांना धक्का बसला. मग ठरलं की आपल्या मुलींना आपलीच रहस्यकथा हवी, उत्कंठावर्धक, प्रेममय आणि ख्रिस्ती. नाव आधीच ठरलं. त्यात 'ज्योत' हा शब्द होता. पाळक रेव्हरंड जयवंत आढाव समितीचे चिटणीस, मासिकाचे संपादक, आणि मृणालिनीचे पाळकही. त्यांनी तिला घरी येऊन समजावलं होतं, की रहस्य असू दे, पण शंका नको. प्रेमाबद्दलही त्यांचं म्हणणं ठाम होतं: असावं, पण दोघांच्या मध्ये कायम एखादं टेबल असावं. नमुना म्हणून त्यांनी काही जुनी भाषांतरं दिली, ज्यांत बाहेर बर्फ पडत असे आणि आत राहुरीची अनाथ मुलगी शेगडीशी बसून भाकरी खात असे. मृणालिनीने ती पुस्तकं शुभाच्या पाळण्याचा एक पाय डुगडुगत होता त्याच्याखाली घातली. पाळणा आता छान उभा राहतो. एवढं काम त्या पुस्तकांनी आयुष्यात प्रथमच केलं असेल.

ती लिहायची दुपारी. भिंतीला टेकून पाय पसरायचे, पायांवर शुभाला आडवं घ्यायचं, हलवत हलवत झोपवायचं, आणि ती झोपली की पाय तसेच ठेवून मांडीच्या वरच्या रिकाम्या जागेत पाटी, पाटीवर कागद. दौतीपर्यंत हात नेला की पोर जागी होई, म्हणून शाई नाही, कॉपिंग पेन्सिल, ओली केली की शाईसारखी जांभळी उमटणारी. ती जिभेला लावायची, दोन ओळी लिहायच्या, पुन्हा लावायची. शुभाला दात येत होते. झोपेत ती मधूनच ओठांनी चोखल्यासारखं करायची, आणि तिच्या टाळूवरची ती मऊ जागा, जिथे आत कुणीतरी हळूहळू दार वाजवतंय असं वाटतं, ती खालीवर व्हायची. मृणालिनी लिहिता लिहिता तिकडे बघायची आणि वाक्य विसरायची. कादंबरीत सगळ्यात चांगली वाक्यं अशीच, विसरलेल्या वाक्यांच्या जागी आलेली. पाय बधिर होत, मुंग्या येत, आणि त्या मुंग्यांतूनच नायिका मिठागरांतून चालत जाई. जगातल्या कुठल्या लेखकाने असं अर्ध्या अंगाने मेलेलं राहून लिहिलं असेल, असा विचार करून तिला जरा थोर वाटायचं, आणि लगेच त्या थोर वाटण्याची किळस यायची.

नवरा तिसऱ्या प्रकरणात बेपत्ता झाला. त्यानंतर मिशन इस्पितळातला डॉक्टर नायिकेला शोधात मदत करतो, आणि दोघांच्या मध्ये टेबल असतं, तरीही काय ते वाचणाऱ्याला कळतं. नवरा गेल्यापासून गोष्टीला ओघ आलाय, असं खुद्द आढावच म्हणाले होते. फक्त शेवट राहिला होता. शेवटी नवरा परत यायला हवा, पाप कबूल करायला हवं, तिने क्षमा करायला हवी, दोघांनी गुडघे टेकायला हवेत. डॉक्टरला आसामात सेवेला पाठवा, असं आढाव म्हणाले, तिथे चहाच्या मळ्यांत फार गरज आहे. ईस्टरनंतरच्या सभेत समिती पुस्तकाचा निर्णय घेणार होती. शेवट असेल तर पुस्तक, नसेल तर नाही. आणि मृणालिनीला ते पुस्तक हवं होतं. समितीचं असो, ज्योतीचं असो, त्याच्यावर तिचं नाव येणार होतं, आणि चाळीत, मंडळीत, माहेरी, ज्यांनी ज्यांनी तिला आजवर कुणाची तरी बायको किंवा कुणाची तरी विधवा समजलं होतं, त्यांच्या हातात ते नाव द्यायचं होतं. पण तो परत यायचा प्रसंग तिला लिहिता येईना. एक तर तो इतके दिवस कुठे होता हेच तिला ठाऊक नव्हतं. तिने त्याला गोव्याला पाठवून बघितलं, खाडीतल्या हातभट्टीवर बसवून बघितलं, एका बाईकडेही ठेवलं; कुठेच तो टिकेना. आणि दुसरं असं की तिला तो परत यायला नको होता.

विद्याधरला यातलं काही सांगायचा प्रश्नच नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात तिने आपली एक छापून आलेली गोष्ट त्याला वाचायला दिली होती. त्याने ती उभ्याने वाचली, घसा खाकरला, आणि म्हणाला की ही बाई खरंच होती का? नव्हती म्हटल्यावर त्याने कागद जपून परत दिला. "मग खोटं का लिहायचं?" तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला आवडला असता. टोमणा मारायला थोडी बुद्धी लागते. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. तेव्हापासून तिने त्याच्याकडे बघायचं तेवढं बघितलं आणि आत एक एक करून नोंद ठेवली, जबडा, खाकरणं, गीताची शेवटची ओळ. खोटं न बोलणारा माणूस. ऑफिसात साहेब जागेवर नाहीत असं सांग म्हटलं तर फोन उचलायचा नाही, असा. देवाचं नाव घेताना डोळे मिटायचा, आणि तिला वाटायचं, आतून कुलूप लावतोय. तिचा तिरस्कार हा काही भांडणातला तिरस्कार नव्हता. तो नीट घडी घालून, इस्त्री करून ठेवलेला होता, आणि रोज दुपारी ती त्याच्यातूनच एक एक कपडा काढून कादंबरीला घालत होती.

त्या रविवारी उपासना सुटल्यावर सगळे नेहमीसारखे देवळाच्या पटांगणात सलाम करत उभे होते. आढाव तिच्याशी शेवटच्या प्रकरणाबद्दल बोलत होते; परत आलेल्या नवऱ्याच्या तोंडी कुठलं वचन घालावं यावर त्यांचा बराच विचार झाला होता. मंडळीच्या पंचांच्या बायका जवळ होत्या. विद्याधर पायपेटीला कुलूप लावून बाहेर आला, शुभाला तिच्याकडून घेतलं, आणि ऊन त्याच्या मागे होतं. रस्त्यावरून गुणाजी हवालदार सायकल ढकलत चालला होता. तो थांबला. त्याने विद्याधरच्या मानेकडे बघितलं, कोटाकडे बघितलं, कानांकडे बघितलं, मग वाकून सरळ बुटांकडे. आणि हरवलेली म्हैस सापडावी तसा त्याचा चेहरा उजळला.

"काय गो बाय, गावलो तुझो घोव?" तो कुंपणावरूनच म्हणाला. "तरी मी सांगलंय. चवडे बघूनच वळाखलंय मी." मग विद्याधरला, जरा दरडावून, "रावसाहेब, पोर लहान आसा. बायको चौकीर येवन वर्णन देता, ह्या बरा दिसता काय तुमका?"

पंचांच्या बायका सलाम अर्धाच ठेवून वळल्या. मृणालिनीला एक वाक्य बोलायचं होतं, मी कादंबरीसाठी विचारायला गेले होते, एवढंच. ते तिच्या जिभेवर आलंही. पण चौकीत तेच वाक्य किती पोकळ वाजलं होतं ते तिला आठवलं. आणि एकटी बाई, पोर कडेवर घेऊन, हवालदारापुढे नवऱ्याचे कान सांगत बसली, हे समितीच्या चिटणिसांसमोर कबूल करणं म्हणजे पुस्तक गेलंच. ह्या हिशेबात जेवढा वेळ गेला तेवढा पुरे झाला. विद्याधरने तिच्याकडे बघितलं. घसा खाकरला. आणि या वेळी बोलायचं राहून गेलं नाही.

"हो," तो म्हणाला. "सापडलो."

हवालदार समाधानाने निघून गेला. आढावांनी विद्याधरच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, कुठे गेला होतास? विद्याधर काही बोलला नाही. त्याला सुचलं नाही, हे फक्त मृणालिनीला कळलं. बाकीच्यांना तो लपवतोय असं दिसलं. बुधवारच्या प्रार्थनेला तो पडशामुळे आला नव्हता, ते आता एकेकाला आठवायला लागलं. हवालदार म्हणजे भट्ट्यांवर धाडी घालणारा माणूस, हेही आठवलं. पंचांच्या बायकांनी शुभाच्या गालाला हात लावला, बापाच्या कडेवर असताना सहसा लावत नाहीत तसा, जणू पोर थंड पडलंय का ते बघत होत्या.

घरी येताना तिनेच सगळं सांगितलं, चौकी, कादंबरी, हवालदार, वर्णन. रागाने सांगितलं, कारण तो काही विचारत नव्हता. तुम्ही हो का म्हणालात, असं तिने शेवटी विचारलं, तुम्ही तर कधी खोटं बोलत नाही.

विद्याधर बरंच चालून गेल्यावर म्हणाला, "मला वाटलं, तू खरंच चौकीवर गेली असशील. म्हणजे, तुला तसं वाटलं असेल. मी नाहीये असं." मग शुभाचं टोपडं सारखं करत, "तर मग सापडलो म्हणणंच बरं."

तिने मनातल्या मनात त्याला भाबडा म्हणून बघितलं, बावळट म्हणून बघितलं. दोन्ही शब्द त्याच्या अंगाला बसेनात, वाढत्या पोराचे जुने कपडे बसत नाहीत तसे.

पुढचे रविवार फार वाईट गेले. आढाव घरी आले, विद्याधरसाठी पुष्कळ वेळ प्रार्थना केली, आणि शेवटी म्हणाले की कबुली देईपर्यंत पायपेटीवर बसणं योग्य नाही, मंडळीत कुजबुज आहे. विद्याधर बरं म्हणाला. तो मागच्या बाकावर बसायला लागला, आणि पेटी पाळकीणबाई वाजवायला लागल्या. त्यांना भात्याचा आणि बोटांचा मेळ जमत नसे. सूर दम लागल्यासारखा येई, मध्येच संपे, आणि मंडळी ओळीच्या अर्ध्यात ताटकळत उभी राही. मृणालिनीला गाण्यातलं काही कळत नाही, असं ती नेहमी अभिमानाने सांगे. आता तिला कळायला लागलं. मागच्या बाकाखाली विद्याधरचे चवडे हलत असत, आवाज न करता. घरी शुभाला झोपवताना तो तिच्या पाठीवर बोटं चालवायचा, दोन्ही हातांची, आणि पोर त्या न वाजणाऱ्या गीतावर डोळे मिटायची. जिन्यावरची शेवटची ओळ मात्र बंद झाली होती. ती ओळ मृणालिनीला कधी आवडली नव्हती. आता तो जिना चढून आला की दार वाजेपर्यंत तो आलाय हे कळतच नसे, आणि ती दचके.

समितीत तिचं वजन मात्र वाढलं. पुस्तकाचं आता जवळजवळ नक्कीच झालं, असं आढावांनी कळवलं. सोसलेल्या हाताने लिहिलेलं पुस्तक वेगळंच असतं, फक्त शेवट द्या. पंचांच्या बायका तिला देवळात आपल्या शेजारी जागा ठेवू लागल्या. एकीने तर ती कादंबरी छापून आली की आमच्या जावयाला देऊ, असंही म्हटलं. जानकीबाईंना कुठूनतरी कळलं, आणि त्यांनी एक दिवस गॅलरीत तिला गाठून कुंकवाची एक छोटी डबी तिच्या हातात ठेवली. असू दे गं, म्हणाल्या, घरात नुसती असली तरी नवरे जात नाहीत परत. मृणालिनीने ती डबी फळीवर ठेवली. इतकी सगळी माणसं, आणि एकालाही शंका येऊ नये. आढावांना हवं होतं तसंच रहस्य होतं हे, शंका नसलेलं.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात आढाव शेवटचं प्रकरण न्यायला आले. विद्याधर ऑफिसात होता. ती शुभाला पायांवर घेऊन बसली होती, तिला उठता येईना, म्हणून पाळक खुर्चीवर आणि ती जमिनीवर अशीच बोलणी झाली. पुस्तक गेलं तर जाऊ दे, असं तिने सकाळी कांदा चिरतानाच ठरवलं होतं, आणि ठरवल्यावर तिला त्या ठरवण्याचा संशय येऊ नये म्हणून ताबडतोब पोळ्या लाटायला घेतल्या होत्या. आता तिने सगळं सांगितलं. माझा नवरा कुठेही गेला नव्हता. तो रोज ऑफिसातून वेळेवर घरी येत होता. चौकीवर मी गेले होते, माझ्या कादंबरीसाठी, आणि हवालदाराला खोट्या नवऱ्याचं म्हणून खऱ्याचं वर्णन दिलं. तो हो म्हणाला ते मला लाज वाटू नये म्हणून. त्याला पेटीवर परत बसवा.

आढाव ऐकत राहिले. त्यांचे डोळे हळूहळू भरून आले, आणि ते बघून पुढे काय येणार ते मृणालिनीला कळलं.

"मृणालबाई," ते म्हणाले, "नवऱ्याचं पाप स्वतःच्या अंगावर घ्यायला निघालात. हेच, हेच शेवटच्या प्रकरणात पाहिजे." त्यांनी चष्मा पुसला. "विद्याधरला सांगा, पुढच्या रविवारपासून पेटीवर बस. जिथे एवढी क्षमा आहे तिथे आम्ही कोण?"

ती पुन्हा सांगायला लागली तर त्यांनी हात वर केला, जसा आशीर्वादाला करतात. शुभा जागी होईल म्हणून तिला आवाजही चढवता आला नाही. पाळक जिना उतरून गेले. आपण एवढं खरं बोललो, पुस्तक पणाला लावून बोललो, आणि त्या खऱ्याचीही यांनी भाकरीत गुंडाळून शिदोरी केली. तिला हसू येत होतं, आणि पाय इतके बधिर झाले होते की हसायला अंग हलवायचीही सोय नव्हती.

रविवारी विद्याधरने पेटी वाजवली. दुपारी जेवणं झाल्यावर तो दारातल्या उजेडात बसून बुटांना पॉलिश करत होता, आणि ती भिंतीशी, शुभा पायांवर, पाटी मांडीवर. शेवटचं प्रकरण अजून कोरंच होतं. तिने आढावांशी झालेलं बोलणं त्याला सांगितलं. तो कधी नव्हे ते हसला, आवाज न करता, खांदे हलवून. मग विचारलं, की वर्णन काय दिलं होतंस गं? तिने सगळं सांगितलं, हवालदाराला सांगितलं होतं त्याच क्रमाने, काही न गाळता, जबडासुद्धा, आणि सांगताना ते चौकीतल्यासारखं मजेदार वाटेना. त्याने हातातला बूट उलटा केला आणि तळ बघितला. "खरंच की," म्हणाला. चवड्याच्या जागी त्याने बोट फिरवलं. टाच शाबूत आहे हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

"आणि मी हरवले तर?" ती म्हणाली. हे तिने चिडवायलाच विचारलं. तो मध्यम बांधा म्हणेल, आणि मग बरं वाटेल, सगळं पूर्वीच्या जागी येईल. "तुम्ही काय सांगाल हवालदाराला?"

त्याने बूट खाली ठेवला. घसा खाकरला. तिने वाट बघितली, बोलायचं राहून जाईल म्हणून. बाहेर गॅलरीत जानकीबाई सांडगे वाळत घालत होत्या, आणि ताटल्यांचा आवाज होत होता.

"जीभ," तो म्हणाला. "संध्याकाळी मी येतो तेव्हा हिची जीभ जांभळी असते. मला बघितलं की तोंड मिटते."

एवढंच बोलून त्याने दुसरा बूट उचलला. तिने तोंड मिटलेलंच होतं. ते तसंच मिटून आत जीभ दातांवरून फिरवली, आणि कॉपिंग पेन्सिलची ती कडवट, लोखंडी चव तिला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा चव म्हणून लागली. मग तिला राग आला. तिने कान, कोट, मान, बूट, गीताची ओळ असं सगळं वापरलं होतं, आणि ह्या माणसाने एका जिभेत काम उरकलं होतं. आणि ते तिच्यापेक्षा चांगलं होतं. हे तिला समीक्षक म्हणून कळलं, बायको म्हणून कळायला अजून वेळ होता. शुभाने झोपेत एक लांब श्वास घेतला. मृणालिनीने पेन्सिल उचलली आणि कोरडीच कागदावर टेकवली. तो परत आला तेव्हा, असं लिहिलं. अक्षर फिकट उमटलं, वाचता न येण्यासारखं. दारात तो मान खाली घालून ब्रश चालवत होता, तिच्याकडे बघत नव्हता, आणि मागून ऊन आल्यामुळे त्याचे कान लाल झाले होते.

तिने पेन्सिल जिभेला लावली, आणि तीच ओळ पुन्हा गिरवून पुढे लिहिलं: तिने आधी त्याचे बूट पाहिले.